ऐनवेळी ठरलेली मालवण ट्रिप: चार दिवसांत सगळं कसं जमवायचं

आधीच सांगते, २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा डोक्यात धरून बसला असाल तर तो सोडा. त्या आठवड्यात मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यांवर ज्यांना जायचंय त्यांनी दिवाळीतच पैसे भरलेले असतात, उरलेल्या खोल्यांचे रेट दुप्पट होतात आणि मालवणातून तारकर्लीकडे जाणाऱ्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर तुमच्यासारखेच शंभर जण गाडीत बसून एकमेकांकडे बघत असतात. ऐनवेळी ठरवणाऱ्यासाठी दोनच खिडक्या आहेत. एक म्हणजे डिसेंबरच्या मधला आठवडा, साधारण २२ तारखेच्या आधी, आणि दुसरी २ जानेवारीपासून २६ जानेवारीच्या गर्दीच्या आधीपर्यंत. आणि त्यातही शुक्रवार-शनिवार-रविवार नाही, तर रविवार ते बुधवार. रविवारी दुपारी सगळे पुणे-मुंबईवाले चेकआउट करून निघतात आणि तुम्ही तेव्हा पोचता, खोली मिळते, रेट खाली येतो आणि मालकालाही तुमच्याशी बोलायला वेळ असतो. मुलांच्या शाळेचे तीन दिवस बुडतात, ते बुडू द्या, डिसेंबरात तसंही अर्धा वेळ गॅदरिंगच्या प्रॅक्टिसमध्येच जातो.

थंडीत समुद्रच का, तर पुण्यात पहाटे १०-१२ डिग्री असताना मालवणात दुपारी ३१-३२ असतं, रात्री २० च्या आसपास, ऊन स्वच्छ, पावसाचं टेन्शन नाही, पाणी पोहण्याइतकं कोमट. आजी-आजोबांचे गुडघेपण खूश. गोव्याला जाऊ शकता, पण ऐनवेळी गोवा म्हणजे खिसा कापून घेणं आणि लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मला सिंधुदुर्गच बरा वाटतो, अर्थात हे माझं मत.

आधी खोली, मग तिकीट

बहुतेक लोक उलटं करतात. तिकीट मिळालं की नाचतात आणि मग राहायला शोधतात. पण गाडी नाही मिळाली तर एसटी आहे, खाजगी बस आहे, स्वतःची गाडी आहे, पोचायचे चार रस्ते निघतात. चार मोठे, दोन पोरं आणि एका आजोबांना किनाऱ्याजवळ, तळमजल्यावर, कमोड असलेल्या दोन शेजारशेजारच्या खोल्या मात्र चार रस्त्यांनी मिळत नाहीत. म्हणून पहिला दिवस फक्त खोलीचा.

अॅपवर बघा जरूर, पण तिथे थांबू नका. तारकर्ली, देवबाग, वायरी, चिवला बीच या पट्ट्यातली कितीतरी घरगुती होमस्टे आणि छोटी रिसॉर्ट्स अॅपवर दोनच खोल्या टाकतात आणि बाकीच्या फोनवर देतात. अॅपवर 'सोल्ड आउट' दिसलं तरी मॅपवरून नंबर काढून फोन लावा. दुपारी दोन ते चार लावू नका, जेवणं आणि झोप असते. सकाळी दहा-अकरा किंवा संध्याकाळी सात-आठ बेस्ट. आणि फोनवर नुसतं 'रूम आहे का' विचारून 'नाही' ऐकून ठेवून देऊ नका, 'जवळपास कोणाकडे असेल का हो' हे विचाराच, कारण तिथे शेजारी-शेजारी भाऊबंदच असतात, 'थांबा हां, शेजारी इचारून सांगतंय' असं म्हणून दहा मिनिटांत परत फोन येतो आणि काम होतं. ही गोष्ट कुठल्याच अॅपला जमत नाही. एमटीडीसीचं तारकर्लीचं रिसॉर्ट अगदी किनाऱ्यावर आहे, त्याचं बुकिंग त्यांच्या साइटवर, कॅन्सलेशनमुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांना अचानक खोली दिसते, दिवसातून दोनदा बघत राहायचं.

फोनवर काय विचारायचं ते कागदावर लिहून घ्या, नाहीतर बोलण्यात राहून जातं. गेटपासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं, मध्ये रस्ता क्रॉस करायचा का. खोली तळमजल्यावर आहे का, जिन्याला कठडा आहे का. कमोड की भारतीय. गरम पाणी गिझरचं की बंबाचं, किती वाजेपर्यंत. एक्स्ट्रा गादीचे किती आणि कितव्या वर्षापर्यंत मूल फुकट. जेवण तिथेच आहे का, शाकाहारी वेगळ्या भांड्यात करतात का. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. एवढं विचारलं की समोरचा कोण आहे तेही कळतं, ज्याचं स्वतःचं घर आहे तो पटापट उत्तरं देतो आणि जो नुसता एजंट आहे तो 'सर सगळं आहे सर' म्हणतो.

आणि पैसे पाठवायच्या आधी जरा थांबा. रिसॉर्टच्या नावाच्या खोट्या साइट, खोटे नंबर टाकून अॅडव्हान्स उकळणारे भरपूर झालेत, आणि त्यांना घाईतलं गिऱ्हाईकच हवं असतं. सोपी तपासणी म्हणजे 'एक व्हिडिओ कॉल करा आणि खोली दाखवा' म्हणायचं. खरा मालक बोंबलत का होईना पण फोन घेऊन अंगणात जातो, तुळशीवृंदावन, कुत्रा, सगळं दाखवतो. खोटा लगेच 'नेटवर्क नाही' सुरू करतो. यूपीआयवर पैसे टाकताना वर कोणाचं नाव येतंय ते बघा, पूर्ण रक्कम कधीच आधी देऊ नका, एका रात्रीचे पुरे. फसलातच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, जितका लवकर तितका पैसा अडकवता येतो.

तारकर्ली-देवबाग भरलंच असेल तर अडून बसू नका. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे देवबाग आणि पलीकडे भोगवे, होडीने पाच-दहा मिनिटं आणि गाडीने मात्र चांगला वळसा. भोगवे-निवतीला खोल्या कमी पण गर्दीही कमी. उत्तरेला आचरा, मिठबाव, कुणकेश्वर. दक्षिणेला वेंगुर्ले, शिरोडा, आरवली. शिरोड्याच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच, मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकातलं काहीतरी प्रत्यक्ष दाखवल्याचं समाधान. आजी-आजोबा असतील तर मला वेंगुर्ले-शिरोडाच जास्त आवडतं, वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट नसतो.

एक धोक्याची सूचना. फेब्रुवारीकडे ट्रिप सरकत असेल तर आधी आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख बघा. भराडी देवीचा कौल घेऊन ती ठरते त्यामुळे दरवर्षी वेगळी असते, आणि त्या दिवसांत रेल्वे, एसटी, मालवणातल्या खोल्या, काही म्हणजे काही मिळत नाही. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पोचायचं कसं

मुंबईकरांना रेल्वे. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं त्यामुळे चार दिवस आधी कोकणकन्या उघडून बघितली की वेटिंग लिस्टच दिसणार. तरी प्रयत्न करायचे. स्टेशन एकच धरून बसू नका, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, सावंतवाडी रोड ही चारही टाकून बघा, मालवणला कुडाळहून तीसेक किलोमीटर पडतं, कणकवलीहून थोडं जास्त, दोन्हीकडून एसटी आणि रिक्षा मिळते. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते, पहाटे सीएसएमटीहून निघून दुपारच्या जेवणाआधी पोचवते, फक्त शुक्रवारी ती नसते. तिचं तिकीट महाग आहे म्हणून कधीकधी शेवटपर्यंत चार सीट राहिलेल्या दिसतात. मांडवी दिवसाची गाडी, तिच्यात खाण्यापिण्याची चंगळ असते, पोरं खिडकीशी बसून बोगदे मोजत जातात. दहा तास लागले तरी कंटाळत नाहीत, मोठे कंटाळतात.

तुतारीचं मात्र नीट बघा. ती दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणजे २० तारखेचं तिकीट असेल तर १९ च्या रात्री जेवून निघायचं. दरवर्षी कोणीतरी २० च्या रात्री बॅगा घेऊन दादरला उभं असतं. तत्काळलाही तोच हिशोब, गाडी सुटायच्या तारखेच्या आदल्या दिवशी एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं, म्हणजे तुतारीचं तत्काळ सकाळी काढलं की त्याच रात्री निघायचंय, बॅगा आधी भरलेल्या पाहिजेत. जुलै २०२५ पासून तत्काळला आधारने व्हेरिफाय केलेलं आयआरसीटीसी अकाउंट लागतं, ओटीपी येतो, त्यामुळे ते काम आदल्या रात्री करून ठेवा, सगळ्यांची नावं मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. एक बरं झालं, पहिला अर्धा तास एजंटला तत्काळ काढता येत नाही, घरी बसलेल्या माणसाला थोडा तरी चान्स. आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत, म्हणून सासूबाईंना विचारल्याशिवाय बटण दाबू नका.

एसटी लोक विसरतातच. मुंबई, पुण्याहून मालवण-सावंतवाडीला रात्रीच्या गाड्या आहेत, बायकांना अर्धं तिकीट, ६५ च्या वरच्यांना अर्धं, ७५ च्या वरच्यांना फुकट. सहा जणांच्या कुटुंबात दोन बायका, एक आजी, एक आजोबा असतील तर हिशोब करून बघा, स्वतःच्या गाडीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्तातही काम होऊ शकतं. आधार कार्ड मात्र ओरिजनल किंवा मोबाइलवर दाखवता येईल असं ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर पुण्याहून पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर, मुंबईहून पाचशेच्या. पुणेकरांनी कोल्हापूरपर्यंत हायवेने जायचं आणि मग घाट निवडायचा. गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी, किंवा राधानगरी-दाजीपूरहून फोंडा घाटाने कणकवली, किंवा निपाणीवरून आंबोलीने सावंतवाडी. मालवणला पहिले दोन, वेंगुर्ले-शिरोड्याला आंबोली. घाट रस्त्याची कामं चालू-बंद असतात म्हणून निघायच्या सकाळी मालकालाच फोन करून विचारा, त्याला मॅपपेक्षा आधी कळलेलं असतं. मुंबईकरांनी माणगावच्या आत अडकायचं नसेल तर पहाटे चारला निघा, सहाला निघालेला माणूस आणि चारला निघालेला माणूस यांच्यात पोचताना तीन तासांचा फरक पडतो. घाटात पोरांना उलट्या होत असतील तर निघताना पोटभर दूध पाजू नका, कोरडं काहीतरी द्या, आवळा सुपारी तोंडात, पुढच्या सीटवर नजर लांब, आणि दोन जाड पिशव्या हाताशी. गोळी द्यायची असेल तर तुमच्या डॉक्टरला विचारून. आणि गाडी वाळूवर घालू नका, दर सीझनला कोणीतरी रील काढायला घालतं आणि भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरतं.

विमानाचं म्हणाल तर चिपीला विमानतळ आहे पण तिथल्या फ्लाइट्सचं वेळापत्रक बदलत असतं, गोव्याचं मोपा त्यापेक्षा भरवशाचं आणि वेंगुर्ल्याला चांगलंच जवळ. पण ऐनवेळचं तिकीट सहा जणांचं काढून बघा, नंतर बोलू.

बॅगेत काय

कमी. स्वेटर प्रत्येकी एक, तोही फक्त गाडीतल्या आणि पहाटेच्या गारव्यासाठी. जाड टर्किश टॉवेल नकोत, ते खारट हवेत वाळतच नाहीत, सुती पंचे घ्या. टोप्या, सनस्क्रीन, ओडोमॉस, ओआरएस, चपला अशा की वाळू झटकली की निघेल. मुलांना जुने काळे-निळे कपडे, पांढरं काही नको. थोडी कॅश ठेवा, यूपीआय सगळीकडे चालतं पण देवबागच्या टोकाला रेंज गेली की होडीवाला आणि तुम्ही दोघंही फोन वर करून उभे राहता. बस. किनाऱ्यावर कोणी तुमचे फोटो बघायला येत नाही.

तिथे गेल्यावर: तिथीवरून भरती काढा

हे खरंतर सगळ्यात कामाचं आणि फुकट आहे. कॅलेंडरवरची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, आली ती भरतीची वेळ, दोनदा, पहाटेची आणि दुपारनंतरची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, सकाळी नऊ-सव्वानऊला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पोरांना कधी पाण्यावर न्यायचं हे ठरवायला पुरतं. यातून एक गंमत निघते, पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी, आणि डिसेंबरअखेर सूर्य मावळतो सहा-सव्वासहाला. रुंदच्या रुंद ओला किनारा आणि समोर मावळतीचं ऊन हवं असेल तर दत्तजयंतीच्या आसपासचे दिवस धरा. अष्टमीला उलटं, संध्याकाळी भरती, किनारा अरुंद, क्रिकेटचा खेळ बोंबलतो.

ओहोटीला पाणी आत ओढतं, तेव्हा पोरांना गुडघ्याच्या पुढे सोडू नका. आणि देवबागच्या संगमावर, जिथे नदी आणि समुद्र मिळतात, तिथे पोहायला उतरायचंच नाही, वरून शांत दिसतं पण खालून ओढ असते. होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, बकल लावलेलं, फोटोपुरतं खांद्यावर टाकलेलं नाही, आणि होडीत जास्त माणसं कोंबत असतील तर उतरून दुसरी होडी. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाची बोट उलटून पर्यटक गेलेत, त्यामुळे इथे भिडेखातर गप्प बसू नका.

स्कुबाला डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी स्वच्छ असतं, पण दहा वर्षांखालच्या पोरांना नेत नाहीत, दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं असणाऱ्यांनी करू नये, आणि सकाळी वडे-उसळ हाणून जाऊ नका. सहा जणांत दोघं करणारे असतात, बाकीच्यांनी त्या वेळात किल्ल्यावर जावं.

सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच करा. मालवण बंदरावरून होडी, दहा-पंधरा मिनिटं. महाराजांनी १६६४ ला कुरटे बेटावर बांधायला घेतला, तीन वर्षं लागली, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, मुलांना तटबंदीपेक्षा याचंच आश्चर्य जास्त वाटतं. शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी बांधलेलं. जुलै २०२५ पासून किल्ला युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे गर्दी वाढलीय. आत सावली नाही, पाणी आणि टोपी घ्या, आजोबांना होडीत चढायला-उतरायला दोन माणसं लागतील, जमत नसेल तर त्यांना बंदरावर चहा घेऊन बसू द्या, तिथे बघायला पुष्कळ असतं.

बाकी रोज एक गोष्ट, दोन नाही. तीन दिवसांत देवगड, विजयदुर्ग, कुणकेश्वर, रेडीचा गणपती असं सगळं कोंबलं तर ट्रिप गाडीतच होते. पहाटे किनाऱ्यावर गेलात आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली दिसली तर थांबा, दोन्ही बाजूंनी तीस-चाळीस माणसं दोर ओढत असतात, पोरांनी हात लावला तर कोणी हाकलत नाही. आणि रात्री कुठे गावात जत्रा आहे का विचारा, कार्तिकापासून गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू असतात आणि तिथे दशावतार, म्हणजे इथलं लोकनाट्य, होतो, उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, तिकीट नाही, खाली बसायला चटई न्या. त्यातला राक्षस संकासुर आला की लहान पोरं घाबरतात, मग दुसऱ्या दिवशी दिवसभर त्याचीच नक्कल.

जेवणाचं आधी सांगा, नुसतं पोचून ताट मागू नका. रात्रीचा मेनू दुपारी सांगितला की मालक बाजारातून ताजं आणतो. सुरमई-पापलेट महाग, पण बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं निम्म्या पैशात आणि चवीला वर. मार्गशीर्षातला गुरुवार मध्ये येत असेल तर घरातलं कोण खाणार आणि कोण नाही हे फोनवरच ठरवा, नंतर ताटावर वाद नको. शाकाहाऱ्यांनी पनीर मागू नका हो तिथे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मागा, नाश्त्याला घावणे-चटणी, पोहे शहरातच खा.

परतायच्या दिवशी मालवणच्या बाजारात तासभर ठेवा. खाजा, सोलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला. आगळाची, म्हणजे कोकमाच्या अर्काची, बाटली घेतली तर झाकणाला सेलोटेप लावून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, उभी ठेवा आणि कपड्यांच्या बॅगेत तर अजिबात टाकू नका.